शॉप ॲक्ट काढला की पेस्ट कंट्रोलचा धंदा सुरू करता येतो का?

नाही येत. पण तुमचा प्रश्न शब्दाशब्दाला आमच्या दादाचा आहे, म्हणून एवढ्यावर थांबवत नाही.

तुम्ही विचारलंय की घरं आणि हॉटेल-ऑफिसं दोन्हीकडची कामं घ्यायची आहेत, तर महापालिकेचा वेगळा परवाना लागतो की शॉप ॲक्टवर भागतं. महापालिकेच्या कीटकनाशक खात्याची माणसं गटारातले डास आणि रस्त्यावरचे उंदीर बघतात. तुमचा परवाना कृषी खात्याकडे. कीटकनाशक कायदा 1968 चा, नियम 1971 चे, आणि कपाशीवर फवारणाऱ्याला जो कायदा तोच गादीतल्या ढेकणांवर फवारणाऱ्याला. त्यामुळे त्या कार्यालयात बसलात की आजूबाजूला सगळे खत-बियाण्यांचे दुकानदार असतात आणि ते तुम्हाला विचारतात, "तुमचं गाव कुठलं?"

खरी अडचण पदवीची. परवान्यासाठी कृषी पदवीधर लागतो, नाहीतर रसायनशास्त्र घेतलेला विज्ञान पदवीधर, आणि वर किमान 15 दिवसांचं प्रशिक्षण, तेही नेमून दिलेल्या संस्थेतलं: म्हैसूर, हापूड किंवा हैदराबाद. मी बी.कॉम. अकरा वर्षं दुसऱ्याचा पंप पाठीवर मारून फिरलेलो, कुठल्या ओट्याखाली झुरळ कुठे बसतं ते डोळे मिटून सांगीन, पण कागदावर मी शून्य. बायको मात्र बी.एस्सी., केमिस्ट्री.

तेव्हा दादा म्हणाला, "ढेकूण मारायला हैदराबादला जायचं? आणि तेही तिनं? शॉप ॲक्ट काढ, कार्ड छाप, सुरू कर. कोण विचारतंय!" घरात दोन दिवस तेच चाललं होतं. तिसऱ्या दिवशी ती कल्याणहून हुसेनसागर एक्स्प्रेसनं गेली. मुलगी चार वर्षांची होती. पंधरा दिवस तिच्या वेण्या मी घातल्या, एक वर एक खाली. बाईंनी डायरीत शेरा मारला होता, तो अजून जपून ठेवलाय. बोर्डावर आडनाव आहे, परवान्यावर बायकोचं नाव. "बायकोच्या पदवीवर खातो" हे मी लग्नाकार्यात पुष्कळ ऐकलंय.

आता दादाच्या सोसायटीची गोष्ट. दादा सेक्रेटरी. काम मला द्यायचं नाही, नात्यात व्यवहार नको म्हणून. ते मला पटलंही. पण दिलं कुणाला, तर आमच्यापेक्षा निम्म्या दरात येणाऱ्या एकाला, आणि परवाना कुणी मागितला नाही. पाचव्या मजल्यावरचं कुटुंब गावी गेलं होतं. त्यानं त्यांच्या पलंगात ढेकणांसाठी अल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवल्या, धान्याच्या गोदामात ठेवतात त्या, आणि खिडक्यांना चिकटपट्टी लावून निघून गेला. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन हा विषारी गॅस सुटतो. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून 1 ग्रॅम गॅस. तो भिंतीच्या फटीतून, डक्टमधून शेजारी जातो आणि त्याच्यावर उतारा औषध नाही. या गोळ्या केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांची मान्यता असलेल्या तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय वापरताच येत नाहीत. राहत्या इमारतीत तर विचारच सोडा.

रात्री अकराला दादाचा फोन. "लसणासारखा वास येतोय रे, गॅस गळतोय का? शेजारचा पोरगा ओकतोय." मी बोलायला लागलो तर म्हणाला, "तू नको, तिला दे."

तिनं चार वाक्यांत सांगितलं. पोराला आधी दवाखान्यात न्या आणि कुठलं औषध ते डॉक्टरांना सांगा. मजला रिकामा करा, जिन्याच्या खिडक्या उघडा. ते घर तुम्ही उघडू नका, 101 ला फोन करा. आणि कुणी पाणी ओतायला गेलं तर त्याचा हात धरा, पाण्यानं गॅस वाढतो. पोरगा दोन दिवसांनी घरी आला. दादा आजही म्हणतो की त्या माणसाचं नशीब फुटकं. नशीब!

तर घर की हॉटेल हा फरक परवान्यात नाही, गिऱ्हाइकात आहे. हॉटेलवाल्याला अन्न सुरक्षावाल्यांना फाईल दाखवायची असते, तो परवान्याची प्रत आणि दर फेरीची नोंद मागतोच. घरचं गिऱ्हाईक वास मागतं. झुरळांचं जेल, म्हणजे मलमासारखं बिनवासाचं औषध, लावलं की "वासच नाही आला, काय मारलं तुम्ही?" मग काहीजण लपवून ठेवलेलं डायक्लोरव्हॉस, म्हणजे उग्र वासाचं जुनं कीटकनाशक, मारतात. 31 डिसेंबर 2020 पासून ते बंद आहे. असलं काम मागणारं घर सोडून द्या, उपाशी मरणार नाही.

पदवी भाड्यानं घेऊ नका. बाजारात मिळते, वर्षाचे पैसे ठरतात, पदवीधराला पंप कशाशी खातात माहीत नसतं. तुमची पदवी नसेल तर ज्याची आहे त्याला भागीदार करा आणि कामावर न्या.

हो, शॉप ॲक्ट लागतोच. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर नुसती ऑनलाईन सूचना. औषधांचा साठा वेगळ्या कुलूपबंद खोलीत, घरातल्या माळ्यावर नाही. फी आणि फॉर्म अधूनमधून बदलतात, ते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयातच विचारा. निर्यातीच्या कंटेनरचं धुरीकरण, म्हणजे आत विषारी गॅस कोंडून किडे मारणं, हे प्रकरणच वेगळं, त्यात सुरुवातीला पडू नका.

मागच्या दिवाळीआधी दादाच्या घरी झुरळांसाठी जेल लावून आलो. मी म्हटलं, राहू दे, घरचंच आहे. तिनं बिल फाडलं, 18 टक्के जीएसटीसकट, आणि मागे परवान्याची प्रत जोडली.