मुंबईत जुन्या रेकॉर्ड आणि सीडी चांगल्या कुठे मिळतील?

रेकॉर्डसाठी सरळ चोर बाजारातली मटण स्ट्रीट गाठा. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं, फक्त शुक्रवार टाळा, दुकानं बंद असतात. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे संगीताचं दुकान २०१६ मध्येच बंद झालं, त्यामुळे जुन्या याद्यांवर विसंबू नका. नुसत्या कव्हरवर भाळू नका. तबकडी बाहेर काढून लेबल कव्हरशी जुळतंय का बघा, मग उजेडात तिरकी धरा. केसासारखे पुसट ओरखडे वाजताना सहसा कळत नाहीत. नखाला लागणारा ओरखडा मात्र दर फेऱ्याला टक् करतो किंवा सुई अडकवतो. डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरली की बाक दिसतो. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जड तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात. त्यांची खोबण रुंद, सुईही वेगळी. ती नसेल तर कितीही मोह झाला तरी घेऊ नका. सीडी दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर सोडून द्या: माहितीचा थर छापील बाजूला असतो, तिथली इजा पॉलिशने भरून निघत नाही. खालच्या बाजूचे हलके ओरखडे जातात. भाव ठरलेले नसतात, पाच-सहा नग एकदम काढून मगच घासाघीस करा.