हॉकीतली मारामारी आणि घरातला वाद

प्रश्न : ताई, आम्ही कॅनडात मिसिसागाला राहतो. मुलगा बारा वर्षांचा, बर्फावरच्या हॉकीचा वेडा. फेब्रुवारी २०२५ मधल्या 'फोर नेशन्स' स्पर्धेतल्या अमेरिका-कॅनडा सामन्यातल्या मारामाऱ्या त्याने इतक्यांदा पाहिल्यात की कोणी कोणाला कुठे ठोसा मारला, ते त्याला पाठ आहे. मोठेपणी त्याला म्हणे 'एन्फोर्सर', म्हणजे संघासाठी मारामारी करणारा खेळाडू, व्हायचंय. नवरा म्हणतो, 'तो खेळाचाच भाग आहे. ती माणसं नसतील तर चांगल्या खेळाडूला कोणीही आडवं करेल.' साताऱ्याहून आलेले सासरे म्हणतात, 'असल्या खेळात पोराला घालायचंच कशाला?' मी काय करू?

उत्तर : व्यावसायिक हॉकीत मारामारीला जागा नसावी, असं माझं मत आहे. पण म्हणून पोराची हॉकी बंद करू नकोस.

आधी नवऱ्याचं म्हणणं बघू. ते हवेतलं नाही. एडमंटनच्या संघात वेन ग्रेट्झ्की या महान खेळाडूच्या पाठीशी डेव्ह सेमेंको हा एन्फोर्सर असायचा. ग्रेट्झ्कीला कोणी धक्का दिला की हिशेब सेमेंको चुकता करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पंचांची नजर चुकवून केलेल्या वारांना असाच धाक हवा, असं जुने खेळाडू आजही सांगतात. पण मारामारीने खरंच संरक्षण होत असेल, तर ती प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमध्ये, सगळ्यात जास्त दिसायला हवी ना? तिथे ती कमी होते. मारामारीची शिक्षा म्हणून पाच मिनिटं बाहेर बसणं तेव्हा परवडत नाही. तुझ्या लेकाने पाहिलेल्या त्याच सामन्यात माँट्रियलला पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. पाच दिवसांनी बॉस्टनला अंतिम सामन्यात तेच दोन देश भिडले, तेव्हा सगळे मुकाट्याने हॉकी खेळले आणि कॅनडाच्या मॅकडेव्हिडने जादा वेळेत गोल करून संघाला जिंकवलं. तो गोल मुलाला दाखव.

ऑलिंपिकमध्ये ठोसे मारणारा सरळ सामन्याबाहेर जातो. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये तो पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये, शिक्षेच्या बाकावर, बसतो आणि परत येतो. ग्लव्ह्ज बर्फावर पडतात, लाइन्समन (साहाय्यक पंच) बाजूला उभे राहून दोघांपैकी एक खाली पडायची वाट बघतात, प्रेक्षक उभे राहतात, बाकावरचे खेळाडू काठ्या आपटून शाबासकी देतात. पाच मिनिटांची ही शिक्षा म्हणजे तिकिटाचे पैसे वसूल करून देणारी परवानगीच आहे, दुसरं काय!

आता एन्फोर्सर व्हायच्या स्वप्नाबद्दल. डेरेक बूगार्ड नावाचा सहा फूट सात इंचांचा खेळाडू होता. एनएचएलच्या २७७ सामन्यांत त्याचे गोल तीन. त्याला पगार ठोशांचा मिळत होता. हात सुजलेले, डोक्याला मार, वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन. मे २०११ मध्ये गोळ्या आणि दारू एकत्र झाल्याने तो गेला, वय २८. त्याचा मेंदू तपासला तेव्हा वारंवार मार बसल्याने होणारा सीटीई हा आजार निघाला. त्याच उन्हाळ्यात रिक रिपियन आणि वेड बेलाक हे मारामारीसाठी ओळखले जाणारे खेळाडूही गेले. हे सगळं बारा वर्षांच्या मुलाला एका बैठकीत सांगायचं नाही, पण बूगार्डचे तीन गोल सांगायला हरकत नाही. पोरांना आकडे कळतात.

आपल्याला जवळचं उदाहरणही आहे. रॉबिन बावा, ब्रिटिश कोलंबियातल्या पंजाबी घरातला मुलगा, १९८९ मध्ये एनएचएलमध्ये खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. ज्युनिअर हॉकीत एका हंगामात पन्नासच्या वर गोल करणारा. व्यावसायिक हॉकीत मात्र त्याला हातघाईच्या भूमिकेत टिकून राहावं लागलं. अशी भूमिका अंगावर पडली की गोल करायचे राहून जातात.

शिवाय हा धंदाच आता बसत चाललाय. खेळ वेगवान झाला, संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली, ज्याला स्केटिंग धड येत नाही त्याला बाकावर बसवून ठेवणं संघांना महाग पडतं. आज हंगामातल्या मारामाऱ्या २००८-०९ च्या निम्म्याही नाहीत. क्वेबेकच्या ज्युनिअर लीगने तर २०२३ पासून मारामारीवर बंदीच घातली.

सासऱ्यांना सांग, नातू खेळतो ती हॉकी टीव्हीवरच्यासारखी नाही. त्याच्या वयोगटात अंगावर धडक मारायलाही मनाई आहे. कोणी हात उगारला तर तो सामन्याबाहेर, वर पुढचे सामनेही बंद. त्यांना शनिवारी पंजाबी समालोचनाचा सामना लावून दे. निम्मं कळेल, मजा पूर्ण येईल. आणि मारामारी सुरू झाली की घरात कोणी टाळ्या वाजवायच्या नाहीत, नवऱ्यानेही नाही. पोरगं पडद्याकडे कमी आणि बापाच्या तोंडाकडे जास्त बघत असतं.

हंगामाआधी आपल्या ओंटारियो प्रांतात 'रोवन्स लॉ' या कायद्याखाली डोक्याच्या दुखापतीची माहिती वाचून सही करावी लागते. आपण ती पार्किंगमध्ये फोनवर उरकतो. या वेळी मुलाला शेजारी बसवून वाचा. डोकं दुखतंय, गरगरतंय हे कोचला लगेच सांगायचं, संघ हरत असला तरी, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.

एकदोन वर्षांत वरच्या स्तरातल्या स्पर्धात्मक संघांमध्ये धडक सुरू होईल. हाउस लीगमध्ये, म्हणजे हौशी स्थानिक सामन्यांत, ती नसते. तुमच्या घरात खरा वाद व्हायला हवा तो यावर, आणि तो संघाच्या निवड चाचण्यांचे पैसे भरायच्या आधी व्हायला हवा. मुलाचं मत विचारा. सासऱ्यांचंही.