‘पुट ऑफ’ म्हणजे टाळणे नव्हे, टालना

तुमचा प्रश्न असा : ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, मग ‘द स्मेल पुट मी ऑफ’मध्ये वासाने कुणाला ढकललं? शिवाय वहीत ‘टाळणे’ असाही अर्थ लिहिलाय.

तो आधी खोडा. टाळणे म्हणजे अव्हॉइड. ‘दे पुट ऑफ द वेडिंग’मध्ये लग्न होणार आहे, फक्त तारीख पुढे गेली. इंदूरच्या भंवरकुआं भागात बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या आपल्या मराठी मुलांना मी बरीच वर्षं शिकवतेय, ही चूक हमखास दिसते. आपण इंदूरची माणसं घरात मराठी, बाहेर हिंदी. तर इथे हिंदीतला ‘टालना’ कानात आणा. ‘शादी टाल दी’ हा पहिला अर्थ. उधारी मागायला गेलात आणि त्यानं ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून कटवलं, तर ‘उसने मुझे टाल दिया’, ‘ही पुट मी ऑफ’. हा दुसरा.

तुमचं वाक्य मात्र तिसऱ्या अर्थाचं, तिथे टालनाही पुरत नाही. थंडीत सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) खायला उभे आहात, तोंडाला पाणी सुटलंय, तेवढ्यात कढईतल्या जळक्या तेलाचा भपकारा येतो आणि खायची इच्छाच जाते. ‘द स्मेल पुट मी ऑफ.’ ऑफ म्हणजे दूर. तारीख दूर गेली, मागणारा दूर गेला, इथे मन दूर गेलं.

वाक्यात आधी कर्म बघा. मीटिंग, लग्न, ऑपरेशन असेल तर पुढे ढकलणे. कर्म माणूस असेल तर कर्ता बघा : वास, आवाज, किंमत असेल तर मन उडालं, कर्ताही माणूसच असेल तर बहुधा कटवलं. बहुधाच, कारण एखाद्याच्या उद्धट बोलण्यानेही मन उडतं.

‘इट’, ‘हिम’ नेहमी मध्ये : ‘पुट इट ऑफ’, आणि बोलताना जोर ‘ऑफ’वर. ‘पुट ऑफ इट’ चुकीचं. भूतकाळातही ‘पुट’च. आणि पुढे क्रियापद आलं की ‘टू गो’ नाही, ‘गोइंग’ : ‘आय पुट ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट.’ मराठीत आपण ‘जाणं पुढे ढकललं’ म्हणतो ना, त्यातलं ‘जाणं’ म्हणजेच हे ‘गोइंग’.

तिन्ही अर्थांचं एकेक वाक्य तुमच्याच घरातल्या प्रसंगावरून लिहून पाठवा, मी तपासून देते.