हिवाळी सायकल चॅलेंजसाठी मेंबरांना ओळखायला काय द्यावं, टी-शर्ट, बँड की बॅज?

प्रश्नात तुम्ही म्हणताय की ४०-५० जण आहात, डिसेंबर-जानेवारीत ४० दिवस रोज सायकल चालवायचं चॅलेंज आहे, आणि रस्त्यात एकमेकांना ओळखता यावं म्हणून अंगावर घालण्यासारखं काहीतरी द्यायचंय. आम्ही नाशिकला हे तीन हिवाळे केलंय आणि पहिल्या वर्षी पैसे पाण्यात घातलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे टी-शर्टचं डोक्यातून काढून टाका. आम्ही तेच केलं होतं, छान निळा टी-शर्ट, पाठीवर लोगो, साइज गोळा करण्यात दोन आठवडे गेले, निम्म्यांना एल सांगून एक्सएल लागला ते वेगळंच. आणि पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला जेहान सर्कलला जमलो तर एकाचाही टी-शर्ट दिसेना! सगळ्यांनी वरून स्वेटर नाहीतर विंडचीटर चढवलेले, कानटोप्या, तोंडाला रुमाल, म्हणजे कोण आपला आणि कोण दूधवाला तेच कळेना. गंगापूर धरणाकडे जाताना एक काका मागे राहिले, मागून येणाऱ्या मुलाने सांगितलं की आले आले, मागेच आहेत, तर तो दुसऱ्याच कोणाला बघून आला होता. आमचे काका दोन किमी मागे चेन बसवत बसलेले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की थंडीत जे सगळ्यात वर घातलं जातं तीच खरी ओळख, आतलं काहीही छापा, उपयोग शून्य. तो टी-शर्ट हल्ली माझ्याकडे चेन पुसायला आहे.

दुसरं, अंधार. आमच्याकडे जानेवारीत सात वाजून गेल्याशिवाय सूर्य उगवत नाही, म्हणजे तासभर तरी अंधारात जाता. निफाडकडे गेलात तर धुकं पण असतं, पारा काही वर्षी ५ अंशाच्याही खाली जातो, बागायतदार द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून बसलेले असतात आणि त्याचा धूर रस्त्यावर येतो, त्यात उसाची ट्रॉली मागच्या लाइटशिवाय पुढे उभी. अशा ठिकाणी आपल्या मेंबराला आपण ओळखण्यापेक्षा मागच्या ट्रकवाल्याला तो माणूस आहे हे कळणं जास्त गरजेचं. त्यामुळे ओळखीची वस्तू आणि चमकणारी वस्तू वेगवेगळी घेऊच नका, एकाच खर्चात दोन्ही करा.

इथे एक गोंधळ बहुतेक लोक करतात. तो भडक पोपटी नाहीतर केशरी रंग असतो ना, तो दिवसा लांबून दिसतो कारण तो उन्हातले अतिनील किरण शोषून दिसणारा उजेड करून बाहेर टाकतो, रात्री हेडलाइटमध्ये त्याची जादू संपते. रात्री लागतो तो चंदेरी रिफ्लेक्टिव्ह पट्टा, ज्यात बारीक काचेचे मणी असतात आणि ते उजेड आला तिकडेच परत फेकतात. बाजारात नुसतं चंदेरी कापड लावून रिफ्लेक्टिव्ह म्हणून विकणारे भरपूर आहेत. ओळखायचं सोपं आहे, अंधाऱ्या पार्किंगमध्ये वस्तू टांगा, तीस-चाळीस पावलं मागे जा आणि मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी बाजूला धरून बघा, खरा पट्टा ट्यूबलाइटसारखा पेटतो, खोटा राखाडी दिसतो. टॉर्च छातीशी धरलात तर खरा पण मंद दिसेल, म्हणून डोळ्याजवळच.

आता काय द्यायचं ते. आमचं दोन वर्षांपासून ठरलेलं आहे, घोट्याला बांधायचा वेल्क्रोचा रिफ्लेक्टिव्ह बँड आणि गळ्यात बफ, म्हणजे गळ्यात घालून नाकावर ओढता येणारी ताणणाऱ्या कापडाची नळी. घोटाच का, तर पायडल मारताना घोटा सतत वरखाली होतो, आणि असं हलणारं चमकतं काही दिसलं की मागच्या ड्रायव्हरला लगेच कळतं की हा सायकलवरचा माणूस आहे, रस्त्यावरचा खांब नाही. यावर परदेशात बराच अभ्यास झालाय, पाठीवरच्या पट्ट्यापेक्षा घोटे-गुडघे यावरून माणूस लवकर ओळखू येतो असंच निघालंय. पण खरं सांगू का, आमच्याकडे तो बँड चालला त्याचं कारण वेगळंच. थंडीत सगळे ढगळ ट्रॅक पँट घालून येतात आणि उजव्या पायाची पँट चेनमध्ये अडकते, तेलाचे डाग पडतात, फाटते. बँड बांधला की पँट आवळलेली राहते, म्हणून लोक न सांगता रोज बांधतात. नुसती शोभेची वस्तू दिलीत तर ती चौथ्या दिवशी घरी राहते, चाळीस दिवस टिकते ती कामाची वस्तू. फक्त एक सांगून ठेवा, बँड दोन्ही पायांना हवेत, एकच दिलात तर तो उजव्यालाच बांधला जाणार, आणि तो वॉशिंग मशीनमध्ये टाकायचा नाही, इस्त्री तर अजिबातच नाही, पट्टा मरतो.

मनगटावर चापट मारली की गुंडाळतो तो स्टीलच्या पट्टीचा बँड पण आम्ही आणून बघितला, स्वस्त आहे, पण जाड हातमोजा आणि जॅकेटच्या बाहीवर नीट बसत नाही, आणि प्लास्टिक फाटलं की आतली पट्टी कापते. सिलिकॉनचा रिस्टबँड तर बाहीखाली गडप होतो, त्याला हिवाळ्यात काही अर्थ नाही.

बफचा फायदा म्हणजे साइजची कटकट नाही, बारक्या पोरापासून आजोबांपर्यंत एकच, आणि थंडीत नाकातोंडावर लागतोच. तोटा एकच, साडेआठला ऊन आलं की खिशात जातो, पण तोवर उजेड झालेला असतो आणि मिसळीच्या टेबलावर ओळख पटवायला लोगो लागत नाही, आवाज पुरतो 😄

रंगावरून आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी रूटवरून पण झाली नाहीत. भगवा घ्या तर एका पक्षाचे, निळा घ्या तर दुसऱ्या, हिरवा काढला की कोणीतरी खाकरणार, गुलाबी सुचवला तर २०२४ च्या निवडणुकीत तो पण एका पक्षाने घेऊन टाकलेला. शेवटी पिवळा-काळा ठरला. आणि गट वेगळे दाखवायला नुसत्या रंगावर जाऊ नका भाऊ, जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली केशरी आणि हिरवा सारखाच मातकट दिसतो, शिवाय बऱ्याच पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. आम्ही मोठे आकडे टाकले, १, २, ३, हातभर लांबून नव्हे, रस्त्यापलीकडून वाचता येतील एवढे. सगळ्यात शेवटी राहणाऱ्या स्वयंसेवकाला मात्र पूर्ण रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, तसलं जॅकेट बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या २०० किमी आणि त्याहून लांबच्या सायकल राइडला, रात्री सगळ्यांनाच सक्तीचं असतं. त्याला पाठीवर सॅक लावू देऊ नका, सॅकखाली सगळे पट्टे झाकले जातात आणि मग जॅकेट असून नसल्यासारखं.

आता नंबर आणि ब्लड ग्रुप. दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या एका हुशाराने, म्हणजे मीच, बफवर प्रत्येकाचं नाव आणि मोबाइल नंबर छापून घेतला. आठवड्यात आमच्या एका ताईला अनोळखी फोन सुरू झाले, कोणीतरी सिग्नलला वाचून घेतला होता. तिने बफ उलटा घालायला सुरुवात केली आणि मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून बाहेर फक्त ग्रुपचं नाव आणि गटाचा आकडा, बाकी माहिती बँडच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने: नाव, घरच्या एका माणसाचा नंबर, आणि औषधाची ॲलर्जी किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती. ब्लड ग्रुप लिहायला हरकत नाही पण हॉस्पिटलवाले रक्त देण्याआधी स्वतः तपासतातच, त्यामुळे गोळ्यांची माहिती जास्त कामाची. क्यूआर कोडच्या फंदात पडू नका, पहाटे रस्त्यावर पडलेल्या माणसाचा कोड कोणी स्कॅन करत बसत नाही, १०८ ला फोन करतात.

चॅलेंज पूर्ण केल्याचं काही द्यायचं असेल तर कापडी पॅच द्या. रॅफा या सायकलिंगचे कपडे बनवणाऱ्या कंपनीचं फेस्टिव्ह ५०० म्हणून चॅलेंज आहे, २४ ते ३१ डिसेंबर आठ दिवसांत ५०० किमी, त्यात पूर्ण करणाऱ्यांना बरीच वर्षं असा छोटा पॅच पोस्टाने यायचा आणि जगभरचे लोक त्या तळहाताएवढ्या कापडासाठी ऐन ख्रिसमसला घराबाहेर पडायचे. फक्त विंडचीटरवर शिवू नका म्हणून सांगा, सुईच्या भोकातून वारा आत येतो, सॅकवर किंवा कानटोपीवर शिवलेला बरा.

आमच्याकडे ५५ लोकांना दोन बँड आणि एक बफ मिळून माणशी टी-शर्टपेक्षा कमीच पडले. ऑर्डर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्या, नंतर छपाईवाले मॅरेथॉनच्या टी-शर्टात अडकतात, आणि बँड दहाबारा जोड्या जास्तीचे घ्या, एक पाय नेहमी हरवतो.