एक्सेलमध्ये नसलेले दोन रकाने

मावशी,
मी ३२ वर्षांची, बीडीएस. सात वर्षं वारज्यात माझं स्वतःचं क्लिनिक आहे. नवरा ३६ वर्षांचा, गाड्यांसाठी लागणारं सॉफ्टवेअर लिहितो. मुलगी ८ वर्षांची, तिसरीत. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना शुगर आहे. माझे आईबाबा कराडला. देश सोडायचा हे आमचं दोघांचं ठरलंय. कुठे जायचं, ते मात्र दोन वर्षं ठरत नाहीये. नवऱ्याने एक्सेल केलंय: जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि चौदा रकाने. पगार, टॅक्स, थंडी, शाळा, भारतीय किराणा, क्रिकेट बघायला मिळतं का, सगळं. मार्क देत बसलो की दर वेळी वेगळाच देश पहिला येतो. त्यात आता त्याला जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या एका कंपनीची ऑफर आलीय, दोन महिन्यांत कळवायचंय. चुलत दीर कॅनडात ब्रॅम्प्टनला असतात, ते म्हणतात इकडेच या. माझी मैत्रीण मेलबर्नला आहे. मी काय, कुठेही गेले तरी काहीतरी करेनच. क्लिनिक विकत घ्यायलाही एक जण तयार आहे. बाबा म्हणतात, बाहेर गेलीस की शेतीतलं नाव जाईल. मावशी, तुम्ही सांगाल तो देश!
– गोंधळलेली डेंटिस्ट, वारजे

तुझ्या पत्रातलं मुद्द्याचं वाक्य तू शेवटाकडे घाईघाईत टाकून दिलंयस. ‘कुठेही गेले तरी काहीतरी करेनच.’ नवऱ्याच्या बाबतीत असं लिहिलं असतंस का? त्याचा हुद्दा, त्याची ऑफर, त्याची मुदत सगळं नीट सांगितलंस, आणि स्वतःच्या सात वर्षांच्या क्लिनिकवर आलीस तेव्हा ‘काहीतरी’.

क्रिकेटला रकाना आहे. तुझ्या डिग्रीला नाही. आणि सासूबाईंनाही नाही. ज्या दोन गोष्टींवर तुमचं तिथलं घर उभं राहील किंवा वाकडं होईल, त्याच दोन गाळून बाकीच्या चौदांची बेरीज चाललीय, मग दर रविवारी वेगळा देश पहिला येणारच.

तुझ्या नवऱ्याचं काम लॅपटॉपमध्ये आहे. तो पुण्यात उघडला काय आणि श्टुटगार्टला उघडला काय, आतलं काम तेच. तुझं तसं नाही. वारज्यात तू आज सकाळी एक रूट कॅनॉल, एक अक्कलदाढ आणि घाबरलेल्या आजोबांची कवळी हातावेगळी केली असशील, पण विमानातून उतरल्या क्षणी तुला कुणाच्या तोंडात आरसाही घालता येत नाही. कायद्याने. परत परवाना मिळेपर्यंत तू डेंटिस्ट नाहीस, डेंटिस्टच्या व्हिसावर आलेलीही नाहीस, तू ‘सोबत आलेली’ आहेस. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत अशा सोबत आलेल्या बायकांची पत्रं खूप असतात. देश वेगवेगळे, मजकूर साधारण एकच. पहिलं वर्ष मुलीची शाळा लावण्यात जातं, दुसरं ‘आता परीक्षा देते’ म्हणण्यात, तिसऱ्या वर्षी कुणीतरी नव्या माणसाशी ओळख करून देताना नवरा म्हणतो, ‘ही इंडियात डेंटिस्ट होती.’ त्या ‘होती’पाशी पत्र सुरू होतं.

म्हणून माझी एकच कसोटी. हद्द ओलांडताना ज्याचं जास्त जातं, त्याने देश आधी निवडायचा. तुमच्या घरात ती तू आहेस.

आता त्या कसोटीवर तुझे तिन्ही देश बघू.

जर्मनीपासून सुरुवात करते, कारण ऑफर तिथली आहे आणि हातातली ऑफर ही काही झटकून टाकायची गोष्ट नाही. नवऱ्याला ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांचा तिथला वास्तव्य परवाना, मिळालं तर त्याच्यासाठी आणि घरासाठी मामला खरोखर चांगला आहे. जर्मन बी-१ या मधल्या पातळीपर्यंत आलं तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, ए-१ या अगदी पहिल्या पायरीवरच राहिलं तर २७ महिन्यांत. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला जाण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि गेल्या दिवसापासून नोकरीची मुभा असते. नवरा हेच तुला सांगत असणार, आणि ते खोटं नाही. पण नोकरीची मुभा म्हणजे दात काढायची मुभा नव्हे. त्यासाठी आधी बी-२ जर्मन, मग डॉक्टरी भाषेची त्याहून वरच्या सी-१ दर्जाची वेगळी परीक्षा. त्यात पेशंटची हकिकत जर्मनमध्ये विचारायची, जर्मनमध्ये लिहून काढायची, सहकाऱ्याला जर्मनमध्ये समजावायची. त्यानंतर तुझं शिक्षण त्यांच्या बरोबरीचं आहे का ते तपासणार, आणि नाही ठरलं तर ज्ञानाची परीक्षा. मधल्या काळासाठी जास्तीत जास्त दोन वर्षांचा तात्पुरता परवाना मिळू शकतो, देखरेखीखाली काम करण्याचा. ज्या बाईने अजून ‘इश हाइसं’च्या (माझं नाव अमुक) पुढे मजल मारलेली नाही, तिने तीन वर्षं धरून चालावीत. त्याहून कमी लागली तर पेढे.

आणि मुलगी. हा मुद्दा तुमच्या ‘शाळा’ रकान्यात ‘फुकट, चांगली’ एवढ्यावर उरकला असणार. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे चौथीनंतर मुलांच्या वाटा फुटतात. विद्यापीठाकडे नेणारी शाळा वेगळी, बाकीच्या वेगळ्या. तुझी लेक तिसरीत आहे. म्हणजे भाषेचा गंध नसताना तिला जेमतेम दीड वर्षात शिक्षकांपुढे स्वतःला सिद्ध करायचंय. नंतरही शाळा बदलता येते, दारं कायमची बंद होत नाहीत, पण नऊ-दहा वर्षांच्या पोरीवर तो भार येतो हे धरूनच जा. पाच वर्षांची असती तर मी हा परिच्छेद लिहिलाच नसता.

कॅनडा. चुलत दिरांचं ब्रॅम्प्टन म्हणजे कॅनडा नव्हे, हे एक. दुसरं, तुमच्या एक्सेलमध्ये मुख्य अर्जदार नवरा आहे ना? का? कॅनडाच्या गुणपद्धतीत जोडप्याच्या अर्जात वयाचे गुण ३६व्या वर्षी ६५ आणि ३२व्या वर्षी ८५ असतात. शिवाय तिथे मधून मधून आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी वेगळी सोडत काढतात आणि त्या यादीत दंतवैद्य धरले गेलेत. यादी बदलत असते, अर्जाच्या दिवशी सरकारी पानावर बघायची. तरीही एकदा तुझं नाव वर टाकून गुण मोजून तर बघा. त्या घरात दोन वर्षं हिशोब चाललाय आणि हा प्रयोग कुणाला सुचला नाही, याची मला गंमत वाटते. बरं, पीआर (कायम वास्तव्य) मिळाली म्हणजे परवाना मिळाला असं कॅनडातही नाही. आधी मूलभूत ज्ञानाची परीक्षा, मग निदान-निर्णयाची, मग ऑटावाला जाऊन प्रत्यक्ष हातकाम, आणि शेवटी सगळ्यांना असते ती अंतिम परीक्षा. हातकामाच्या परीक्षेची फी ऐकून पोटात गोळा येतो, आणि ती एका फटक्यात निघेलच असं नाही.

ऑस्ट्रेलियात तुझी वाट सगळ्यात सरळ आहे. कागदपत्रांची छाननी, एक लेखी परीक्षा, एक प्रात्यक्षिक मेलबर्नला. इंग्रजीची परीक्षा आहेच, पण नवी भाषा नाही. लेखी परीक्षेसाठी मेलबर्नचं तिकीट काढावं लागत नाही, ती इथे राहून देता येते. कॅनडाची पहिली परीक्षाही तशीच. व्हिसाच्या गुणांत २५ ते ३२ वयाला ३० आणि ३३ ते ३९ ला २५ मिळतात. तुझे पाच गुण आज ना उद्या जाणार, त्यासाठी धावपळ करू नकोस. परीक्षा व्हायलाच तेवढा वेळ लागेल.

अमेरिका तुम्ही यादीत घेतली नाहीत, बरं केलंत. ग्रीन कार्डाची भारतीयांची रांग आणि डेंटिस्टला पुन्हा कॉलेजात घालवावी लागणारी वर्षं, दोन्ही तुमच्या वयाला परवडणारी नाहीत. दुबई का नाही, हे मात्र मला कळलं नाही. तिथली परीक्षा आणि कागदपत्रांची पडताळणी झाली की तू त्या मानाने फार लवकर खुर्चीशी उभी राहशील, आणि कराड एका रात्रीच्या अंतरावर राहील. नागरिकत्व मिळत नाही म्हणून बाद केलीत का? कायमचंच जायचं असेल तर बरोबर आहे. पण ‘कायमचं’ हे तुम्ही दोघं एकमेकांशी तरी स्पष्ट बोललाय का, तुझ्या पत्रावरून मला तसं वाटत नाही.

आता सासूबाई. त्यांचा उल्लेख तुझ्या पत्रात ‘असतात’ आणि ‘शुगर आहे’ एवढाच. त्यांना विचारलंय का? तिन्ही देश म्हातारी माणसं आनंदाने घेत नाहीत, हे आधी समजून घे. ऑस्ट्रेलियात पालकांच्या कायम व्हिसाचा स्वस्त मार्ग घेतला तर तिथलं सरकारच तीस वर्षांच्या आसपास थांबा म्हणतं. सासूबाईंना तीस वर्षं! त्यातल्या त्यात लवकरचा मार्ग आहे, तो डोळे पांढरे करणाऱ्या फीचा. तात्पुरता तीन किंवा पाच वर्षांचा व्हिसा मिळतो, त्याचीही फी आपल्या रुपयांत लाखांत जाते. कॅनडात तुम्ही पीआर झाल्यावर सुपर व्हिसावर त्या सलग पाच वर्षं राहू शकतात, पण १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो, आणि शुगर असलेल्या बाईंचा हप्ता काय येईल ते आजच विचारून ठेवा. जर्मनीने १ मार्च २०२४ पासून पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल नोकरदारांना आईवडील आणि सासूसासरेही आणायची सोय केली. कागदावर तिघांत तीच उदार. प्रत्यक्षात तिथेही घोडं विम्यापाशीच अडतं.

शिवाय कागद झाले म्हणून त्या येतील, असं नाही. सकाळी फिरायला जायचा त्यांचा ग्रुप, त्यांचा डॉक्टर, त्यांची भिशी. ‘आई, तुम्हाला पण नेणार हं’ असं सांगून गप्प बसवू नका. नवऱ्याला म्हणावं, आईशी तू बोल, सुनेला पुढे करू नकोस. त्या ‘नाही येत’ म्हणाल्या तर त्या कुणाकडे, कशा राहणार, महिन्याला किती पाठवायचे, हे ठरल्याशिवाय कुठलाही देश ठरत नाही.

बाबांना सांग, नोकरीसाठी बाहेर राहिलीस म्हणून सातबाऱ्यावरचं नाव जात नाही. पुढे परदेशी नागरिकत्व घेतलंस तर भारताचा पासपोर्ट सोडावा लागेल, मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मतदान करता येणार नाही आणि नवी शेतजमीन विकतही घेता येणार नाही. वारसाने आलेली मात्र ठेवता येते. त्यांची झोप एवढ्याने लागावी.

तू विचारलंस म्हणून सांगते: माझ्या त्या कसोटीवर ऑस्ट्रेलिया. नवरा म्हणेल, तिथे माझ्या हातात नोकरी कुठे आहे? त्याचं म्हणणं रास्त आहे. म्हणून या दोन महिन्यांत असं कर. बोट क्लब रोडवरच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या पहिल्या वर्गात नाव घाल, दोघंही. आणि त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियाच्या छाननीसाठी डिग्री, मार्कलिस्ट, डेंटल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बाहेर काढ. आठ आठवडे जर्मन करून बघितलंस की तुझं तुला कळेल, रात्री साडेनऊला शेवटचा पेशंट गेल्यावर त्या पुस्तकात जीव रमतो की पान बघून रडू येतं. रमला, तर जर्मनीला माझी ना नाही. मात्र मग ऑफरला हो म्हणताना घरात लेखी ठरवा: पहिली दोन वर्षं मुलीची ने-आण, स्वयंपाक आणि सुट्ट्या कुणी घ्यायच्या, आणि तुझ्या भाषेच्या वर्गाचे तास कुणी राखायचे. नवऱ्याची सही घे. हसण्यावारी नेऊ नकोस. तिथे कामवाल्या मावशी नसतात.

पुस्तक बघून रडू आलं, तर ऑफर सोडायची. त्याला वाईट वाटेल, वाटू दे. गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला दुसरी ऑफर येते.

‘सगळं करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला आत्ता एक पैसा देऊ नका. या तिन्ही देशांचे अर्ज स्वतः भरता येतात.

आणि क्लिनिक विकायचं नाही. निदान लेखी परीक्षेचा निकाल हातात येईपर्यंत तरी नाही. विकत घेणारा तयार आहे, कारण त्याला तुझे पेशंट हवेत, खुर्ची आणि कॉम्प्रेसर तर त्याला कुठेही मिळेल. एखादी ज्युनिअर मुलगी बघ, आठवड्यातले तीन दिवस तिला टक्केवारीवर बसव, त्या तीन दिवसांत तू अभ्यास कर. भाडेकरार संपत आला असेल तर अकरा महिन्यांचा आणखी एक करून टाक.