पैशाचा माज की गाडीचा रुबाब?

सांगलीहून एका वाचकाने विचारलं आहे : "आमच्या विश्रामबागेत रोज संध्याकाळी एक लाल, बसकी स्पोर्ट्स कार शंभर फुटी रस्त्यावरून कानठळ्या बसवत जाते. धाकटा भाऊ म्हणतो, काय रुबाब आहे! वडील म्हणतात, पैशाचा माज आहे, दुसरं काय. यात शब्द कुणाचा बरोबर? आणि अशा सगळ्या गाडीवाल्यांना मिळून मराठीत एखादा नेमका शब्द आहे का?"

दोघांचेही शब्द बरोबर आहेत, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. भाऊ गाडीकडे बघतोय, वडील चालवणाऱ्याकडे. रुबाब गाडीलाही असतो, घोड्यालाही असतो, फेट्यालाही असतो. माज मात्र जिवंत प्राण्यालाच येतो. 'रुबाबदार गाडी' आपण सहज म्हणतो, पण 'माजलेली गाडी' असं म्हणून बघा, जीभच अडखळते. 'गाडीचा माज' म्हटलं तरी तो मालकाचाच असतो. गाडी त्याचं निमित्त.

हे असं का, ते गोठ्यात गेलं की कळतं. म्हैस हंबरायला लागली, दूध चोरायला लागली, खाण्यावरचं मन उडालं, की घरातली म्हातारी सांगते, "माजावर आलीय." सातारा-सांगलीकडे आजही हा शब्द आधी जनावराचा आणि मग माणसाचा. जनावराचा माज म्हणजे गाभण राहण्याची वेळ, साधारण एकवीस दिवसांनी पुन्हा येणारी, दिवसभरात ओसरणारी. याच्या मुळाशी संस्कृतातला 'मद्' धातू आहे, नशा चढणं या अर्थाचा. मद, मद्य, उन्माद ही सगळी त्याचीच पिलावळ. (माजघराचा मात्र याच्याशी काही संबंध नाही. तिथला माज 'मध्य'पासून आलेला, घराचा मधला भाग. तेव्हा माजघरात बसणाऱ्या आजीला उगाच बोल लावू नका.)

गंमत म्हणजे मस्ती हा शब्द आला फारसीतून, पण निघाला त्याच वाटेचा. 'मस्त' म्हणजे नशेत असलेला. हत्ती मदावर आला की गंडस्थळातून स्राव गळतो, तो माहुतालाही जुमानत नाही. त्या अवस्थेला इंग्रजांनी इथूनच 'मस्त' हा शब्द उचलला आणि प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत तो आजही आहे. म्हणजे एक शब्द संस्कृताकडून आला, एक फारसीकडून, आणि दोघांनाही गर्विष्ठ माणूस दिसला तो झिंगलेल्या जनावरासारखा. मग्रूरची कथा जरा निराळी. अरबीत त्याचा मूळ अर्थ भुललेला, फसलेला. स्वतःविषयीच्या खोट्या कल्पनेला भुललेला तो मग्रूर. मला हा शब्द फार आवडतो, पण रस्त्यावर तो कुणी वापरत नाही. तो वर्तमानपत्राच्या अग्रलेखात आणि नाटकातल्या वकिलाच्या तोंडी.

आता क्रियापदं बघा, कारण शब्दाचा खरा स्वभाव तिथे उघडा पडतो. माज येतो, चढतो, उतरतो, जिरतो. ताप आणि दारू यांचीच ही क्रियापदं. रुबाब पडतो, किंवा कुणी तो झाडतो. तोरा, शेखी आणि टेंभा मिरवायचे असतात. टेंभा म्हणजे चिंध्या गुंडाळून तेलात भिजवलेली मशाल, तेव्हा तो मिरवायला अंधार आणि बघणारी माणसं दोन्ही लागतात. तुमच्या लाल गाडीला वडिलांनी 'टेंभा' म्हटलं असतं तर मी पूर्ण मार्क दिले असते. बघायला कुणी नसेल तर शंभर फुटी रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबायला कोण जाईल?

माजाला मात्र प्रेक्षक पुरत नाहीत. त्याला समोर एक माणूस लागतो, कमी लेखायला. गेल्या गळीत हंगामात आष्ट्याजवळ हे फार जवळून बघायला मिळालं. गावात शिरताना एक गतिरोधक होता, आपल्याकडे असतात तसा, उभ्या भिंतीसारखा. नियमाप्रमाणे तो दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे हळूहळू चढणारा हवा. बसक्या गाड्यांचं पोट जमिनीपासून जेमतेम तेवढंच वर असतं. त्यामुळे नाक घासू नये म्हणून त्या अशा उंचवट्यावर तिरक्या घालाव्या लागतात, एकेक चाक चढवत. तशी एक पिवळी गाडी तिरकी होऊन रस्ताभर पसरली होती आणि समोर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. इथपर्यंत कुणाचीच चूक नव्हती. मग काच चार बोटं खाली आली आणि आतून विशीतला आवाज आला, "ए, मागं घे रे!"

दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागे घेता येत नाही. पहिली ट्रॉली एकीकडे वळते, दुसरी दुसरीकडे, आणि ऊस रस्त्यावर येतो. हे इथल्या शाळकरी पोराला माहीत असतं. साठीचा ड्रायव्हर काही बोलला नाही, इंजिन बंद करून बिडी शोधायला लागला. टपरीवरचा एकजण मात्र शांतपणे म्हणाला, "माजलंय बेनं."

या दोन शब्दांत आमच्या भागाचं सगळं व्याकरण आलं. बेणं म्हणजे लावणीसाठी ठेवलेल्या उसाच्या कांड्या, आणि त्यावरून आलेली शिवी, म्हणजे 'हे कुठल्या वाणाचं रोप' असं काहीतरी. क्रियापद नपुंसकलिंगी, कारण माजलेल्याला 'तो' म्हणण्याइतकाही मान द्यायचा नाही. आणि हे सगळं गाडीमुळे झालं नाही, त्या 'रे'मुळे झालं. हाच पोरगा काच पूर्ण खाली करून "मामा, जरा दोन मिनिटं थांबता का, गाडी खाली घासतीय" म्हणाला असता तर टपरीवरची चार पोरं उठून दगड लावायला आली असती आणि वर फोटोही काढले असते. तीच गाडी, तोच गतिरोधक, आणि शब्द पडला असता 'रुबाब'.

माजाचे आणखी प्रकार आहेत. म्हशींमध्ये, त्यातही उन्हाळ्यात, 'मुका माज' असतो : म्हैस माजावर असते, पण हंबरत नाही, लक्षण दाखवत नाही, आणि गवळ्याची तारांबळ उडते. हा जनावराच्या डॉक्टरांचा नेहमीचा शब्द आहे. माणसांसाठी तो कुणी वापरलेला मी ऐकला नाही, पण वापरायला हरकत नाही. आवाज न करता, हसतमुखाने, दोन गाड्यांच्या जागेत एकच गाडी लावून जाणाऱ्यांसाठी दुसरा शब्द सुचत नाही.

आता वडिलांची बाजू. गाडी महाग म्हणजे माणूस माजलेला, हा त्यांचा हिशोब अगदीच हवेत नाही. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी चौकात उभं राहून नोंदी घेतल्या, तेव्हा महागड्या गाड्यांचे चालक दुसऱ्याची पाळी असताना मध्ये घुसण्यात आणि पादचाऱ्यासाठी न थांबण्यात पुढे निघाले. २०२० मध्ये हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी १८९२ गाडीमालकांचे स्वभाव तपासले, त्यात हट्टी, भांडखोर आणि दुसऱ्याची पर्वा नसलेल्या पुरुषांकडे महागड्या गाड्या असण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणजे गाडी माज आणते असं नाही. माज आधीच असतो आणि तो शोरूममध्ये जातो. पण वडिलांनी इथेच वाचन थांबवू नये. त्याच अभ्यासात शिस्तीचे, कामसू, जबाबदार स्वभावाचे लोकही त्याच गाड्या घेताना दिसले, आणि त्यांत बायकाही होत्या. फिनलंडचं माप घेऊन सांगलीचा सदरा शिवावा का, हा प्रश्न उरतोच. पण सरसकट शिक्का मारण्याला मराठीत 'सब घोडे बारा टक्के' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

घोड्यांवरून आठवलं, वळूचंही सांगायला हवं. लँबोर्गिनी गाडीवर वळूचं चिन्ह असतं आणि मिउरा, इस्लेरो ही तिच्या मॉडेलांची नावं स्पेनमधल्या झुंजीच्या बैलांच्या जगातून आली आहेत. म्हणजे माज या शब्दाच्या मुळाशी असलेलं जनावरच बोनेटवर बसलंय. आणि या कंपनीचा संस्थापक फेरुच्चो लँबोर्गिनी आधी ट्रॅक्टर बनवायचा, १९४८ पासून. गाड्या १९६३ मध्ये सुरू झाल्या. त्यामागे एक कहाणी सांगितली जाते : त्याने आपल्या फेरारीच्या क्लचची तक्रार केली, तेव्हा एन्झो फेरारीने त्याला 'तू आपले ट्रॅक्टर सांभाळ' अशा थाटात उडवून लावलं. खरी असो वा रचलेली, आष्ट्याच्या टपरीवर ती सांगितली तर फेरारीसाहेबांना कोणता शब्द मिळेल ते सांगायला नको.

तुमच्या भावासाठी एक शब्द राखून ठेवलाय, नाद. खिल्लार बैलांमागे घर गहाण टाकणारे आमच्याकडे आहेत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू होईपर्यंत, शर्यत नसतानाही बैलांना रोज अंडी आणि दूध पाजणारे होते. त्याला कुणी माज म्हटलं नाही. नाद लागतो, आणि लागलेल्याला त्यातून मिळकत नसते, उलट खिशातलंच जातं. जो गाडीवाला रविवारी पहाटे रस्ता मोकळा असताना कासच्या पठाराकडे जातो, घाटात वळणांची मजा घेतो आणि नऊच्या आत घरी परत येतो, त्याला गाडीचा नाद आहे. जो तीच गाडी रात्री अकराला दवाखान्यासमोर गुरगुरवतो, त्याला माज आहे. वेळ आणि जागा बघितली की शब्द निवडायला सोपं जातं.

सगळ्या गाडीवाल्यांना मिळून नेमका शब्द? नाही, आणि तशी गरजही पडलेली नाही. 'गाडीवाले' हाच शब्द आवाज थोडा ताणून म्हटला की काम होतं. एकट्या माणसासाठी मात्र हक्काचा शब्द आहे, माजोरडा. 'माजुर्डा' असंही ऐकू येतं, लिहिताना मी माजोरडा लिहितो. 'माज आला' म्हणताना तो उतरायची सोय असते, माजोरडा म्हटलं की ती सोय संपली, तो त्याचा स्वभाव झाला. त्यामुळे वडिलांना सांगा, लाल गाडीवाल्याला अजून 'माज आलाय' इथवरच ठेवा. एकदा त्याने गाडी थांबवून कुणाला तरी 'ए, बाजूला हो रे' म्हटलेलं ऐकलं, की पुढच्या शब्दाला माझी हरकत नाही.