रोड ट्रिप करायला आणि गाडीतच झोपायला स्वस्त, मजेशीर गाडी कोणती घ्यावी? (ऐरोली, नवरा-बायको दोघंच, बजेट दोन-अडीच लाख)

तुम्ही बजेट लिहिलंत, दोघंच आहोत असं लिहिलंत, ईको घेऊ की जुनी सुमो घेऊ की थोडे पैसे जमवून जुनी थार घेऊ असंही विचारलंत, पण स्वतःची उंची लिहिली नाहीत. गाडीत झोपायचं असेल तर खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी. मी ठाण्यात मानपाड्याला राहतो आणि गेली चार वर्षं आम्ही दोघं जुन्या वॅगन आरमध्ये झोपून कोकण फिरतोय. हो, वॅगन आर. हसा खुशाल, माझा मेहुणा पण हसला होता.

आधी माझी चूक सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिली गाडी मी एक जुनी डिझेल एसयूव्ही घेतली होती, कंपनीचं नाव घेत नाही, गाडीचा दोष नव्हता, माझ्या डोक्याचा होता. फोटोत भारी दिसायची, उंच, मागे स्टेपनी टांगलेली. आठ महिन्यांत टर्बो, इंजेक्टर आणि क्लच मिळून सत्तर हजाराच्या वर गेले आणि झोपायचं म्हणाल तर सीट पाडल्या की मधे एवढी पायरी राहायची की सकाळी उठलो की कंबर धरून चहाची टपरी शोधायचो. आडवं होऊन न बघता गाडी घेतली होती ना! विकली तेव्हा बायको म्हणाली आता पुढची गाडी घेताना मला पण ने, मी झोपून बघणार.

आणि खरंच तसंच केलं. एक सात-आठ गाड्या बघितल्या असतील, प्रत्येक ठिकाणी खिशातून टेप काढायचा, मागची सीट पाडायची, चप्पल काढून आत शिरायचं. वर्तकनगरला एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी आणि बायको वॅगन आरच्या डिक्कीतून आत शिरून छताकडे बघत पडलो होतो आणि मालकांची आई गॅलरीतून बघत होती, तिने वरूनच विचारलं, "अहो, बरं नाही का वाटत त्यांना?" मालक बिचारे ओशाळले, आम्ही नाही. तीच गाडी घेतली. २०१३ चं मॉडेल, ५२ हजार किलोमीटर, एक लाख पंच्याऐंशी हजार. वर टायर, बॅटरी आणि किरकोळ मिळून अठ्ठावीस हजार गेले.

आता वॅगन आरच का, तर ही गाडी १९९९ मध्ये आली तेव्हा लोक तिला डबा म्हणायचे आणि तो डबाच आपल्या कामाचा. छत उंच असल्यामुळे आत बसून शर्ट बदलता येतो, दार मोठं उघडतं, मागची सीट नीट आडवी होते. २०१० नंतरच्या मॉडेलला ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, मला हायवेला सतरा-अठराचं अ‍ॅव्हरेज मिळतं, घाटात दोघं आणि सामान असलं की एसी बंद करावा लागतो पण चढते. शिवाय दापोलीत काय नि देवगडात काय, कुठल्याही गॅरेजवाल्याच्या हाताखालून ही गाडी शंभर वेळा गेलेली असते. स्वस्त गाडी म्हणजे नुसती घेताना स्वस्त नव्हे, रविवारी संध्याकाळी गुहागरात बंद पडली तर पार्ट मिळायला हवा.

पलंगाचं सांगतो कारण तेच सगळे विचारतात. मागची सीट पाडली, पुढच्या दोन्ही सीट पूर्ण पुढे सरकवल्या, तर डिक्कीच्या दारापासून सीटच्या पाठीपर्यंत टेपने सव्वापाच फूट भरलं. माझी उंची पाच फूट सहा इंच. मग सुताराने डोकं लावलं, बारा एमएमच्या प्लायच्या फळ्या आणि पुढच्या बाजूला बिजागरीवर उघडणारा अर्ध्या फुटाचा तुकडा. पुढच्या सीटची पाठ आणखी पुढे झुकवली की वर जी जागा मोकळी होते त्यात तो तुकडा बरोबर बसतो. मागच्या सीटच्या पायाशी जो खड्डा राहतो तिथे भाजीवाल्यांचे दोन प्लास्टिक क्रेट, एकात भांडीकुंडी, एकात कपडे, आणि त्याच क्रेटवर फळी टेकते. उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटमधून चार इंची फोम आणला आणि तीन तुकडे करून घेतला, अख्खी गादी अजिबात घेऊ नका, दिवसा ठेवणार कुठे? सगळं मिळून साडेसहा हजार. गाडीला एकही भोक पाडलेलं नाही, घरी आलो की फळ्या गॅलरीत आणि गाडी परत ऑफिसला.

हे भोक न पाडण्याचं मुद्दाम सांगतोय. ईको बघताना आम्हाला कळव्याला एक 'रेडी' गाडी मिळाली होती, मागचं बाकडं काढून कायमचा पलंग ठोकलेला, आत लाइटच्या माळा, बायको तर प्रेमातच पडली. पण आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) आसनं पाच आणि गाडीत दोन. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या गोष्टी आपल्या मनाने बदलता येत नाहीत, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलंय. उद्या अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्याने तेवढंच कारण धरलं तर? सोडून दिली. जे काढून घरात ठेवता येतं ते सामान, जे बोल्ट मारून बसवलं ते बदल, एवढं मी लक्षात ठेवतो.

बाकी ईको वाईट नाही हां. जागेच्या बाबतीत तिला तोड नाही, सरकती दारं असल्यामुळे अडचणीच्या पार्किंगमध्ये पण उतरता येतं. इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे मे महिन्यात ड्रायव्हरचं बूड भाजून निघतं आणि २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने एअरबॅग नसलेली ईको आपटून बघितली तर शून्य स्टार आले होते, हे डोक्यात ठेवून घ्या. (वॅगन आर पण काही रणगाडा नाही, मी ऐंशीच्या वर चालवत नाही, समृद्धीवर मागून हॉर्न मारतात ते मारू देत.) ओम्नीचा विचार असेल तर ती २०१९ मध्येच बंद झाली, पुढे नाक नाही, गुडघ्यानंतर थेट पत्रा, आणि मिळतात त्यातल्या बऱ्याच शाळेची मुलं नेऊन दमलेल्या. पिवळी पाटी असेल तर आधी आरटीओत ती प्रायव्हेट करून घ्यायची कटकट वेगळीच. सुमो रोमँटिक आहे पण खाते खूप. थार मध्ये झोपणार कुठे ते मला आजवर कळलेलं नाही.

तुमच्यापैकी कोणी पाच फूट नऊच्या वर असाल आणि बजेट लाख-दीड लाखाने ताणता येत असेल तर मात्र रेनॉची जुनी ट्रायबर बघा. तिसऱ्या रांगेच्या सीट कंपनीनेच काढता येतील अशा दिल्यात, म्हणजे सुताराचं अर्धं काम आधीच झालेलं, आणि २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपचे चार स्टार पण मिळाले होते. इंजिन लहान आहे, घाटात ओव्हरटेक करायची हौस असेल तर ती जिरते.

जुनी गाडी घेताना आपल्या भागात एक गोष्ट बघायचीच, पुराची गाडी. कल्याण, बदलापूर, पनवेल, मुंबई, कुठलीतरी गाडी कधीतरी पाण्यात बसलेली असतेच, २०१९ ला उल्हास नदीला पूर आला त्यानंतर तर कितीतरी गाड्या धुवून पुसून बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, टोकाला मातकट रेघ दिसली तर नमस्कार करून निघा. मॅट उचलून खाली वास घ्या, सीटच्या रुळांवर गंज बघा. मग परिवहनच्या साइटवर नंबर टाकून चलन किती तुंबलीत, आधीच्या मालकाचं लोन फिटलंय का, ते तपासा. आणि पंधरा वर्षांचं गणित मांडा, २०१२ ची गाडी घेतलीत तर २०२७ मध्ये पुन्हा नोंदणी, त्याची फी २०२२ पासून पाच हजार झालीये आणि वर ग्रीन टॅक्स. त्यामुळे दहा-पंधरा हजार वाचवायला अजून जुनी घेण्यात फायदा नाही. सीएनजीवाली स्वस्तात पडते खरं, पण टाकी डिक्की खाते, म्हणजे पलंगाचे पायच कापले जातात, आणि टाकीची दर तीन वर्षांनी टेस्टिंग.

पहिली रात्र कुठे काढायची? स्वतःच्या सोसायटीत. खरंच सांगतोय. आम्ही काढली, बारा वाजता वॉचमनने टॉर्च मारला, सकाळी सेक्रेटरींचा ग्रुपवर मेसेज, 'पार्किंगमध्ये झोपण्याचे प्रकार निदर्शनास आले आहेत'. पण त्या एका रात्रीत कळलं की दोन माणसांच्या श्वासाने तीन वाजता काचा आतून घामेजतात आणि थेंब कपाळावर पडतो, खिडकी दोन बोटं उघडी पाहिजे, उघडी ठेवली की डास, म्हणून मग मच्छरदाणीची जाळी कापून दाराच्या चौकटीवर वरून मोज्यासारखी चढवायची. दारांना पावसाळी वायझर लावून घ्या, पाऊस असताना पण दोन बोटं उघडी ठेवता येते. यूएसबीवर चालणारा पंखा आणि मोठी पॉवर बँक, गाडीच्या बॅटरीवर काही लावू नका नाहीतर सकाळी धक्का मारायला माणसं शोधा.

आणि हे मात्र गंमतीत घेऊ नका, इंजिन आणि एसी चालू ठेवून कधीही, कधीही झोपायचं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी असते. शेगडी पण आत पेटवायची नाही, पाऊस असला तरी नाही, त्या दिवशी वडापाव खायचा. उकाडा सहन होत नसेल तर एप्रिल-मे मध्ये कोकण सोडा आणि भंडारदऱ्याला जा, किंवा मुरबाडवरून माळशेज चढून पुढे जुन्नरकडे, रात्री चादर लागते.

मजा कुठे आहे ते विचाराल तर फेरीबोटीत. अलिबाग, मुरुड करत आगरदांड्याला गाडी बोटीत घालायची, दिघीला उतरायचं, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, परत बागमांडल्याला बोट, वेसवीला उतरून केळशी, आंजर्ले, हर्णे, मग दाभोळहून धोपावे, गुहागर, आणि शेवटी तवसाळहून जयगड, की आलंच गणपतीपुळे. चार खाड्या, चार बोटी. मोठ्या गाड्यांना तिथे बोटवाला पुढे-मागे, पुढे-मागे करायला लावतो, आपला डबा दोन टेम्पोंच्या मधे पण जाऊन बसतो. दाभोळच्या बोटीत एका मासेवाल्या मावशींनी काचेतून आत डोकावून पलंग बघितला आणि बायकोला विचारलं, "घरात भांडण झालाय काय गो?" आम्ही नाही म्हटलं, पण त्यांचा काही विश्वास बसला नाही, उतरताना दोन बांगडे देऊन गेल्या.

झोपायला बीचवर गाडी नेऊ नका. भरतीचं पाणी वेळ बघून येतं, तुम्ही बघत नाही. वाळूत रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टरवाला मागेल ते द्यावं लागतं आणि खारं पाणी खालून पत्रा खातं ते वेगळंच. आम्ही गावात एखाद्या घरी विचारतो, अंगणात गाडी लावू का, दोनशे रुपये, सकाळी संडास-बाथरूम आणि चहा. चार वर्षांत दोनदाच नाही म्हणालेत. नाहीतर रात्रभर चालू असणारा पेट्रोल पंप, आधी टाकी भरायची मग विचारायचं. परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या.

असो. घ्यायच्या आधी माझी गाडी बघायची असेल तर कमेंटमध्ये सांगा, ऐरोलीहून मानपाडा काही लांब नाही, रविवारी सकाळी घोडबंदरला ट्रॅफिक पण नसतं. फळ्या लावून ठेवतो, दोघंही आडवे होऊन बघा. बायकोला आणाच, तिची उंची पण तुम्ही लिहिलेली नाही.